टॅक्सीचं भाडं परवडतं की नाही? मुंबई-पुण्यात आपण पैसे मोजतो ते नेमके कशाचे?

संध्याकाळचे साडेसहा. ऑफिस सुटलंय, पाऊस सुरू झालाय आणि तुम्ही मोबाईलवर कॅब शोधताय. सकाळी याच रस्त्याने येताना १९० रुपये लागले होते, आता ॲप ३२० दाखवतंय. नाइलाजाने बुक करता. दोन मिनिटांत चालकाचा फोन येतो, "कुठे जायचंय? कॅश आहे का?" तुम्ही ठिकाण सांगता. फोन कट. गाडी नकाशावर जिथे होती तिथेच उभी. शेवटी वैतागून तुम्हीच राइड कॅन्सल करता.

रस्त्यावर येऊन काळी-पिवळीला हात करावा, तर काच अर्धी खाली होते, "उधर नहीं जाएगा."

मुंबईत राहणाऱ्या प्रत्येकाने हे कधी ना कधी अनुभवलेलं आहे. त्यामुळे टॅक्सीचा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "लुटतात राव!" पण खरंच लुटतात का? टॅक्सीचं भाडं महाग आहे, स्वस्त आहे की आपण पैसे देतो त्या मानाने काहीच हातात पडत नाही? आकडे घेऊन बसलं की चित्र वाटतं त्यापेक्षा वेगळं निघतं.

आधी काळी-पिवळीचा हिशोब

मुंबई महानगरात टॅक्सी आणि रिक्षाचं भाडं चालक किंवा युनियन ठरवत नाही. ते ठरवतं मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरण. त्यासाठी आधार घेतला जातो खटुआ समितीच्या सूत्राचा. ही समिती राज्य सरकारने २०१६ मध्ये नेमली होती आणि तिच्या शिफारशी २०२० मध्ये स्वीकारल्या गेल्या. गाडीची किंमत, इंधन, विमा, देखभाल, कर्जावरचं व्याज आणि चालकाचा जगण्याचा खर्च असं सगळं धरून भाडं काढायचं, असं हे सूत्र सांगतं.

या सूत्राप्रमाणे १ फेब्रुवारी २०२५ पासून काळी-पिवळी टॅक्सीचं किमान भाडं २८ वरून ३१ रुपये झालं. हे पहिल्या दीड किलोमीटरसाठी. पुढे प्रत्येक किलोमीटरला २०.६६ रुपये. रिक्षाचं किमान भाडं २३ वरून २६ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७.१४ रुपये. मध्यरात्री १२ ते पहाटे ५ या वेळेत २५ टक्के जास्त.

म्हणजे दहा किलोमीटरचा प्रवास असेल, रस्ता मोकळा असेल, तर काळी-पिवळीचं मीटर साधारण २०७ रुपये दाखवेल. ट्रॅफिकमध्ये अडकलात तर थांबण्याचे पैसे वाढतील, तो भाग वेगळा. उपनगरात तेवढ्याच अंतरासाठी रिक्षाला साधारण १७२ रुपये होतील. मध्यरात्रीनंतर तीच टॅक्सी २५८ रुपयांवर जाईल.

आता ही भाडेवाढ जरा मागे जाऊन बघूया. जून २०१५ मध्ये काळी-पिवळीचं किमान भाडं २२ रुपये झालं होतं. मार्च २०२१ मध्ये २५, ऑक्टोबर २०२२ मध्ये २८ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ३१. जवळपास दहा वर्षांत २२ चे ३१. म्हणजे एकूण ४१ टक्के वाढ, वर्षाला सरासरी साडेतीन टक्क्यांच्या आसपास. या दहा वर्षांत वडापाव, दूध, घरभाडं आणि शाळेची फी किती वाढली ते प्रत्येकाने आपापलं आठवून बघावं.

इंधनाचं काय? मुंबईत २०२१ च्या सुरुवातीला सीएनजी किलोला ५० रुपयांच्या आसपास होता. २०२५ मध्ये तो ८० च्या आसपास गेला. म्हणजे इंधन ६० टक्के वाढलं आणि मार्च २०२१ पासून भाडं २५ चं ३१ झालं, म्हणजे २४ टक्के वाढलं.

तर नुसत्या दराकडे पाहिलं, तर काळी-पिवळी महागली असं म्हणणं कठीण आहे. तक्रार आहे ती गाडी मिळण्याची. दर पक्का आहे, पण गाडी आपल्या दिशेला येईल का, हे पक्कं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७८ नुसार भाडं नाकारणं हा गुन्हा आहे आणि टॅक्सीसाठी दंड आहे ५०० रुपयांपर्यंत. पण भर रस्त्यात, पावसात, गाडीचा नंबर टिपून तक्रार करायला किती जण थांबतात? चालकालाही हे माहीत असतं.

मग ॲप आलं, आणि सगळं उलटं झालं

ओला-उबर आल्या तेव्हा त्यांनी नेमकी हीच दुखरी नस पकडली. नकार नाही, घासाघीस नाही, घराच्या दारात एसी गाडी आणि सुरुवातीच्या काळात तर रिक्षापेक्षा स्वस्त. ती स्वस्ताई खरी नव्हती, कारण गुंतवणूकदारांच्या पैशातून प्रवाशाला सवलत आणि चालकाला बोनस दिला जात होता. दोन्ही हळूहळू आटलं.

आज ॲपवर गाडी दिसते, पण दर पक्का नसतो. मागणी वाढली की दर वाढतो. हाच तो 'सर्ज'. त्यामागचा विचार असा की भाडं वाढलं तर जास्त चालक रस्त्यावर येतील आणि गाड्या मिळतील. कागदावर हे बरोबर आहे. पण जुलैच्या पावसात अंधेरी सबवे बंद असतो, हायवे तुंबलेला असतो, तेव्हा भाडं दुप्पट केलं तरी गाडी येणार कुठून? अशा वेळी सर्जमुळे गाड्या फारशा वाढत नाहीत. ज्याला परवडत नाही तो रांगेतून बाहेर पडतो, एवढंच.

यावर सरकारने काय केलं?

केंद्राने १ जुलै २०२५ ला ॲप कॅबसाठी नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात मूळ भाड्याच्या दुप्पट सर्ज घ्यायला परवानगी दिली. २०२० च्या नियमांत ही मर्यादा दीडपट होती. महाराष्ट्राने मे २०२५ मध्ये स्वतःचं धोरण आणलं होतं, त्यात सर्जची मर्यादा दीडपटच ठेवली आणि सवलत जास्तीत जास्त २५ टक्के. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईतल्या ॲप कॅबसाठी मूळ दर ठरवला गेला, किलोमीटरला २२.७२ रुपये. म्हणजे काळी-पिवळीपेक्षा साधारण दहा टक्के जास्त.

या चौकटीत दहा किलोमीटरचा हिशोब असा बसतो:

– गर्दी नसताना, पूर्ण सवलत मिळाली तर: साधारण १७० रुपये
– नेहमीचा दर: साधारण २२७ रुपये
– पूर्ण सर्ज असताना: साधारण ३४१ रुपये

तेच अंतर, तीच गाडी, तोच चालक. आणि नियम पाळूनही सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त भाड्यात बरोबर दुपटीचा फरक. शिवाय ॲपच्या बिलात ५ टक्के जीएसटी असतो, तो वेगळा.

पुण्यात तर याहून गंमत आहे. तिथे प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाने १ जानेवारी २०२४ पासून एसी कॅबसाठी पहिल्या दीड किलोमीटरला ३७ रुपये आणि पुढे किलोमीटरला २५ रुपये असा दर लागू केला. पण ॲपवर दिसणारं भाडं वेगळंच राहिलं. मग २०२५ मध्ये चालकांनीच ॲपचं भाडं बाजूला ठेवून सरकारी दराने पैसे मागायला सुरुवात केली. प्रवाशाला ॲपवर एक आकडा दिसतोय, चालक गाडीत बसल्यावर दुसरा सांगतोय आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. भांडण लागणारच.

चालकाच्या सीटवर बसून बघूया

इथे चालकाचा हिशोब समजून घेणं गरजेचं आहे. त्याच्यावर दया दाखवायची म्हणून नव्हे. आपली राइड कॅन्सल का होते, याचं उत्तर तिथेच आहे.

एक साधं उदाहरण घेऊ. समजा चालकाने दिवसभरात प्रवासी बसवून १०० किलोमीटर गाडी चालवली. प्रवाशापर्यंत पोहोचणं, रिकामं परत येणं यात आणखी ५० किलोमीटर गेले. एकूण १५०. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये किलोला २० किलोमीटर धरले, तर साडेसात किलो सीएनजी लागला. ८० रुपयांच्या दराने झाले ६०० रुपये.

आता कमाई.

काळी-पिवळीच्या दराने १०० किलोमीटरचे २,०६६ रुपये. इंधन वजा करून १,४६६.

ॲपचा सरकारी दर २२.७२ आणि त्यातले नियमाप्रमाणे किमान ८० टक्के चालकाला, म्हणजे साधारण १,८१८ रुपये. इंधन वजा करून १,२१८.

जुलै २०२५ मध्ये ॲप कॅब चालकांनी मुंबईत संप केला, आझाद मैदानात आंदोलन केलं. त्यांचं म्हणणं होतं की आमच्या हातात किलोमीटरला ८ ते १२ रुपयेच पडतात. मधला आकडा, म्हणजे १० रुपये धरला, तर १०० किलोमीटरचे झाले १,०००. इंधन वजा करून राहिले ४००.

या ४०० रुपयांत गाडीचा हप्ता, विमा, टायर, सर्व्हिसिंग, दोन वेळचं जेवण आणि मग घरखर्च. हे बसत नाही. अजिबात बसत नाही.

मग चालक काय करतो? जो हिशोब ॲप करत नाही, तो स्वतः करतो. राइड आली की आधी फोन करून ठिकाण विचारतो. परतीचं भाडं मिळणार नाही अशा भागात जायचं असेल तर टाळतो. लांबून प्रवाशाला घ्यायला जायचं असेल तर टाळतो. रोख पैसे मागतो, कारण रोख लगेच हातात येतात. एसी लावायचे वेगळे पैसे मागतो.

म्हणजे दुपारी आपल्याला १७० रुपयांत जी राइड मिळाली, तिची उरलेली किंमत आपणच संध्याकाळी कॅन्सल झालेल्या तीन राइड्समधून चुकवत असतो. स्वस्त भाडं आणि न येणारी गाडी या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात, पण त्यांचं मूळ बऱ्याचदा एकच असतं.

कॅन्सलचा दंड कुणाला?

महाराष्ट्राच्या धोरणात याचा विचार केलेला आहे. चालकाने कारण नसताना राइड रद्द केली तर भाड्याच्या १० टक्के किंवा १०० रुपये, यातली कमी रक्कम दंड, आणि ती प्रवाशाच्या खात्यात जमा करायची. प्रवाशाने रद्द केली तर ५ टक्के किंवा ५० रुपये, यातली कमी रक्कम.

ऐकायला छान. पण २२७ रुपयांच्या राइडवर हा दंड होतो साधारण २३ रुपये. तुमची ट्रेन सुटली, मुलाखतीला उशीर झाला, दवाखान्यातली वेळ गेली, तर २३ रुपयांनी काय होणार?

आणि यात एक पळवाट आहे, ती सगळ्यांना माहीत आहे. चालक स्वतः कॅन्सल करतच नाही. तो फक्त जागेवरून हलत नाही. कंटाळून तुम्ही कॅन्सल करता आणि दंड तुमच्या नावावर लागतो.

यात भर पडली ती 'आधीच टिप द्या' या सोयीची. गाडी लवकर हवी असेल तर बुकिंग करतानाच थोडे जास्त पैसे द्या, असा पर्याय ॲपवर दिसायला लागला. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने यावरून उबरला नोटीस पाठवली. टिप ही सेवा मिळाल्यावर खूश होऊन द्यायची गोष्ट आहे, सेवा मिळावी म्हणून आधी द्यायची नाही, हा मुद्दा होता. त्याआधी जानेवारी २०२५ मध्ये याच प्राधिकरणाने ओला आणि उबर या दोघांनाही नोटीस दिली होती, आयफोन आणि अँड्रॉइडवर वेगवेगळं भाडं दाखवत असल्याच्या तक्रारींवरून. कंपन्यांनी हा आरोप नाकारला. पण असा संशय इतक्या लोकांना येतो, यातच सगळं आलं. मीटरवर कुणी असा संशय घेत नाही, कारण त्याचं गणित दरपत्रकावर छापलेलं असतं.

मग पैसे वसूल होतात का?

याचं उत्तर तुम्ही किती जण आहात, किती वाजलेत आणि सोबत काय आहे, यावर ठरतं.

एकटे आहात, दिवसाची वेळ आहे, हातात एक बॅग आहे: टॅक्सी परवडत नाही. दहा किलोमीटरला बेस्टच्या साध्या बसचं तिकीट १५ रुपये आणि एसी बसचं २० रुपये आहे, मे २०२५ मधल्या भाडेवाढीनंतरही. मेट्रो ३ वर आरे ते कफ परेड हा ३३ किलोमीटरचा अख्खा प्रवास ७० रुपयांत होतो. टॅक्सीचे २०७ रुपये इथे फक्त आरामाचे असतात, आणि गर्दीच्या वेळी तर वेळही वाचत नाही.

तिघं-चौघं आहात: चित्र बदलतं. २०७ भागिले तीन म्हणजे माणशी ६९ रुपये, तेही दारापासून दारापर्यंत. स्टेशनबाहेरच्या शेअर टॅक्सीचं गणित यावरच चालतं. सीएसएमटी किंवा चर्चगेटला उतरून नरिमन पॉइंटला जाणारी माणसं वर्षानुवर्षं असंच जातात.

रात्रीची वेळ आहे, सोबत म्हातारी आई आहे, लहान मूल आहे, सामान आहे: इथे किलोमीटरचा दर मोजण्यात अर्थ नाही. इथे आपण सुरक्षित आणि वेळेवर पोहोचण्याचे पैसे देतो. २५ टक्के जास्त दिले तरी पैसे वसूल होतात, पण एका अटीवर. गाडी आली पाहिजे, सांगितलेल्या भाड्यात आली पाहिजे आणि काही बिनसलं तर फोन उचलणारं कुणीतरी असलं पाहिजे.

घोडं नेमकं याच अटीवर अडतं. मुंबई उच्च न्यायालयासमोर ॲप कॅबचं जे प्रकरण गाजलं, त्याच्या मुळाशी भाडं नव्हतंच. प्रवाशाला तक्रार करायला धड जागा नाही, हा त्या जनहित याचिकेचा मुद्दा होता. मार्च २०२२ मध्ये न्यायालयाने कंपन्यांना परवान्यासाठी अर्ज करायला सांगितलं, तोपर्यंत या गाड्या राज्यात अनेक वर्षं धावत होत्या.

आता त्यात आणखी एक बदल झालाय. काही ॲप चालकांकडून कमिशन घेण्याऐवजी रोजची ठरावीक फी घेतात. उबरने फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षासाठी हेच केलं. पैसे थेट चालकाला द्यायचे आणि ॲपवर दिसणारं भाडं हे सुचवलेलं भाडं. चालकासाठी हे बरं आहे, कमिशन कापलं जात नाही. पण प्रवाशासाठी प्रश्न उभा राहतो: भाड्यावरून वाद झाला तर जबाबदार कोण? आम्ही फक्त गाठ घालून दिली, असं ॲप म्हणू शकतं. मग ॲपवरून बुक करण्याचा उपयोग काय?

आपल्या हातात काय आहे?

सगळं बदलेल तेव्हा बदलेल. तोवर काही गोष्टी आपण करू शकतो.

ॲपवरचं भाडं पटत नसेल तर अंतराला २२.७२ ने गुणा. आलेल्या आकड्याच्या दीडपटीपेक्षा, कर आणि टोल सोडून, जास्त दाखवत असेल तर स्क्रीनशॉट काढून ठेवा.

चालक येत नसेल तर लगेच स्वतः कॅन्सल करू नका. ॲपमध्ये 'चालकाने रद्द करायला सांगितलं' किंवा 'चालक पुढे सरकत नाही' असं कारण असेल तर तेच निवडा, म्हणजे दंड तुमच्यावर येणार नाही आणि आला तर वाद घालायला पुरावा राहील.

बिलात टोल बघा. मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना टोल नाही. सी लिंक आणि अटल सेतूला आहे. वाशी किंवा दहिसरच्या नाक्याचा टोल बिलात असेल तर विचारा.

गर्दीच्या वेळी आधी रस्त्यावर बघा, मग ॲपवर. काळी-पिवळीला सर्ज नाही. मिळाली, तर संध्याकाळी तीच सगळ्यात स्वस्त पडते.

थोडक्यात काय तर

किलोमीटरचा दर बघितला तर मुंबईतलं टॅक्सीचं भाडं अवाजवी नाही. उलट ॲपवर बऱ्याचदा ते इतकं कमी असतं की चालकाचा खर्च निघत नाही, आणि गरजेच्या वेळी इतकं जास्त की आपल्याला परवडत नाही. काळी-पिवळीत दराची खात्री आहे, गाडीची नाही. ॲपवर गाडी दिसते, दराची खात्री नाही. आणि आता तर दिसलेली गाडी येईलच असंही नाही.

पैसे वसूल झाल्यासारखं वाटेल ते या दोन्ही खात्री एकाच गाडीत मिळाल्यावर. त्यासाठी भाडं आणखी स्वस्त व्हायची गरज नाही. सरकारने जो दर ठरवलाय तो ॲपवर खरोखर दिसायला हवा, बिलात चालकाला किती गेले आणि कंपनीला किती हे छापलेलं हवं, आणि न हलणाऱ्या गाडीचा दंड प्रवाशाला बसायला नको.

दुपारची १७० रुपयांची राइड बंद होऊन कायम २२७ द्यावे लागले, पण त्या बदल्यात संध्याकाळी पावसात गाडी नक्की येणार असेल, तर तुम्ही तयार आहात का? खरा प्रश्न हा आहे.